उदगीरच्या मिस्तरीचं मशीन

मी तेव्हा नांदेडच्या अदालतीत नकलनवीस होतो आणि लग्नसराईत एका बँडमध्ये हवाईयन गिटार वाजवायचो. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी पट्टी सरकवत वाजवायची गिटार. बँड चौघांचा. क्लॅरिनेट वाजवणारे चाचा आमचे म्होरके. त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच काम. अडचण एवढीच, की क्लॅरिनेट आणि ढोलकीपुढे माझी गिटार कुणाला ऐकूच जायची नाही. बिलोलीच्या एका लग्नात तर नवरदेवाच्या मामानं विचारलं, की तुम्ही नुसते हात का फिरवून राहिले? दुसऱ्या दिवशी चाचा म्हणाले, मशीन घ्यायचं.

मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. उदगीरला एक मिस्तरी रेडिओ दुरुस्त करतो आणि मोटारीच्या बॅटरीवर चालणारी मशीनं विकतो, असं कळलं होतं. अदालतीला तेव्हा शुक्रवारची सुट्टी असायची. त्या जुम्म्याला एका दिवसाची रुखसत जोडून मी चाचांबरोबर गाडीत बसलो.

दुकान म्हणजे मिस्तरीच्या घराचीच पुढची खोली. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्याकडे दोन मशीनं होती. एक नवं, पत्र्याच्या पेटीतलं. दुसरं जुनं, सागवानी खोक्यातलं. त्यानं टेलिफोनमधली बोलायची डबी माझ्या गिटारीच्या अंगाला बांधली, तिच्या वायरी मशीनला जोडल्या आणि भोंगा रस्त्याकडे तोंड करून ठेवला.

आधी नवं लावलं. आवाज दणदणीत, पण पट्टी वरच्या सुरांवर गेली की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं व्हायचं. मग जुनं. त्याच्या आतले काचेचे बल्ब तापायला वेळ लागला. पण पहिलाच सूर निघाला आणि चाचांनी डोळे मिटले. भोंग्यातून नव्हे, कुणाच्या गळ्यातून यावा तसा तो सूर होता. मी मनातल्या मनात सौदा करून टाकला.

ऊन डोक्यावर आलं होतं. मी गिटार बाजेवर ठेवली आणि पाणी प्यायला उठलो. मिस्तरी खाली मान घालून एका रेडिओच्या तारेला कथलाचा डाग देत होता. मशीनची घरघर एकाएकी खाली बसली आणि बाईचा मऊ, बारीक आवाज आला, "ऊटक्क बर्री."

कानडीत जेवायला या. माझं आजोळ देगलूरकडचं, एवढं मला कळत होतं.

मिस्तरी मान वर न करता म्हणाला, "आलो."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पाण्याचा दुसरा घोट घेताना लक्षात आलं, की आवाज आतल्या खोलीतून आला नव्हता. भोंग्यातून, रस्त्याच्या बाजूनं आला होता. तरी मी म्हणालो, वहिनींचं बोलणं डबीनं पकडलं वाटतं. मिस्तरीचा हात थांबला.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"हाव," चाचा म्हणाले. "मलाबी."

त्यानं उठून आतलं दार ढकललं. आत एकच खोली. थंड चूल, पालथं घातलेलं पातेलं, मागच्या दाराला आतून कडी. बायको जाऊन दोन वर्षं झाली, असं त्यानं सांगितलं. कानडी मुलखातली होती. कामात हा जेवण विसरायचा, म्हणून रोज दुपारी हाक मारायची. ती गेल्यावर महिनाभरानं याच मशीनमधून हाक यायला लागली. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपलंच डोकं फिरलंय.

बाहेर रस्ता उन्हानं पांढरा पडला होता आणि माझ्या हातावर काटा आला होता. चाचांनी नवं घेऊ म्हणून खुणावलं. पण तो सूर माझ्या कानातून जाईना. शेवटी मिस्तरीच म्हणाला, जुनं घेऊन जा, हे इथं असलं की माझं लक्ष लागत न्हाई. आम्ही ते उचललं.

त्या हंगामात आमचं लई नाव झालं. लोक ढोलकी सोडून माझ्याकडे बघायचे. हाक पुन्हा आली नाही. फक्त दुपार झाली की घरघर आपोआप खाली बसायची, आणि मला वाटायचं, पाठीशी कुणीतरी उभं आहे. लातूरच्या एका लग्नात पंगत बसली होती, गिटार बाजूला ठेवलेली. तेव्हा भोंग्यातून श्वास आत ओढल्याचा आवाज आला. हाक मारण्याआधी माणूस ओढतो तसा. पुढे शब्द आलाच नाही. चाचा पानावरून उठले आणि दिवसभर काही खाल्लं नाही.

संध्याकाळी मला म्हणाले, "ती कुणाला बोलावणार, बेटा? आपण तिच्या वळखीचे न्हाई."

पुढच्याच आठवड्यात आम्ही मशीन घेऊन उदगीरला गेलो. मिस्तरी ओळखू येईना. गळ्याची हाडं वर आली होती, सदरा अंगावर लोंबत होता. दुपारी खायचं ध्यानात येत न्हाई, एवढंच बोलला. त्यानं मशीन जुन्या जागी ठेवलं, बॅटरी जोडली. तिघंही बसून राहिलो. ऊन डोक्यावर आलं, घरघर खाली बसली. भोंगा गप्पच होता.

मग आतल्या बंद खोलीत फरशीवर ताट ठेवल्याचा आवाज झाला. पितळी ताट, जड. मागोमाग तांब्यातून पाणी ओतल्याचा.

मिस्तरीनं हात पुसले, आत गेला आणि दार लोटून घेतलं. आम्ही ऐकत होतो. बोलणं काही नव्हतं. माणूस सावकाश जेवतो तेवढाच आवाज. चाचांनी जुन्याच्या बदल्यात कोपऱ्यातलं पत्र्याचं मशीन उचललं, मी भोंगा घेतला, आणि त्याला न सांगताच आम्ही स्टेशनवर आलो.

पत्र्याच्या मशीनवर आम्ही बँड मोडेपर्यंत वाजवलं. ते कर्कश होतं, दुपारी आणि रात्री सारखंच घरघरायचं. मी वरचे सूर टाळायला शिकलो. त्या घराचा विषय चाचांनी कधी काढला नाही. धर्माबादच्या एका मांडवात मीच विचारलं, की ताटाचा आवाज तुम्हीही ऐकला ना? ते क्लॅरिनेटची पत्ती तोंडात धरून ओली करत होते. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.