वृषपर्वातला बिघडलेला तारा

समस्त मानवजातीस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, वृषपर्वा तारकासमूहातला एक तारा बिघडला आहे. निदान माझ्या आलेखात तरी.

हा तारा रूपविकारी. पाच दिवस नऊ तासांत तो एकदा फुगतो आणि आकसतो, तसं त्याचं तेजही कमीजास्त होतं. अशा ताऱ्यांच्या लयीवरून खगोलशास्त्रज्ञ अंतरं काढतात. मी मात्र अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या थंडीत, दुखरे गुडघे चोळत, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याचं तेज वहीत टिपत होतो. तीन महिने! लेकीने ते आकडे कॉम्प्युटरवर चढवले, तर सुबक चढउताराऐवजी सांडलेला साबुदाणा दिसला. आपले डोळेच गेले, असं समजून मी दमून वही मिटली.

लेक स्क्रीनकडे बघतच होती. "बाबा, पण एप्रिलमध्ये तू स्टार्टच केलं नव्हतंस ना?"

वहीत होतं ४/१२. माझा चार डिसेंबर, इथे जन्मलेल्या तिने महिना आधी धरून वाचलेला बारा एप्रिल. बारा तारखेपर्यंतच्या नोंदी अशाच भलत्या महिन्यांत जाऊन पडल्या होत्या. म्हणजे डोळे शाबूत होते!

बायको चहा ओतता ओतता थांबली. "अहो, मग एवढे कुडकुडलात ते नक्की कोणत्या महिन्यात?"