सोंगणीचं टाइमटेबल

आमच्या कॉलेजात सायन्स नव्हतं, कॉमर्स नव्हतं. फक्त आर्ट्स, आणि तेही जेवढ्या विषयांना मास्तर मिळाले तेवढंच. चिखलीच्या बसमध्ये एखादी बाई विचारायची, काय शिकतेस? मी बी. ए. म्हटलं की लगेच ती ‘हं, आर्ट्स’ म्हणून खिडकीबाहेर बघायला लागायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, आर्ट्स म्हणजे काय रस्त्यावर पडलेलं सापडतं का? आम्ही त्यासाठी काय काय केलं ते या बसमधल्या बायांना बसवून सांगावं असं वाटायचं. आज सांगते.

कॉलेज सुरू झालं ते कापसाच्या एका रिकाम्या गोदामात. आमच्या भागातल्या पाच-सहा गावांनी मिळून ते काढलं. कुणी जागा दिली, कुणी बैलगाड्यांनी दगड आणून टाकले, साखरखेर्ड्याकडच्या एका सुतारानं बाकं करून दिली. ती बाकं अजून आहेत आणि अजून डगमगतात. पण पोरं द्यायची वेळ आली तेव्हा गावं अडून बसली. म्हणाली, वावरात माणसं कमी, त्यात जवान पोरं तुमच्याकडं बसवून ठेवायची तर पीक कोण काढणार? सभेत बरीच खडाजंगी झाली म्हणतात. शेवटी संस्थेच्या लोकांनी शब्द दिला, की सोंगणीच्या दिवसात, म्हणजे पीक कापायच्या दिवसात, कॉलेज सकाळी साडेसहाला भरेल आणि पोरं ऊन चढायच्या आत वावरात जातील. या शब्दावर कॉलेज उभं राहिलं.

तेव्हा ज्वारी होती. पुढं सगळीकडं सोयाबीन झालं आणि त्या शब्दाची किंमत आणखीच वाढली. सोयाबीन सगळं एकदम पिकतं. चार दिवस जास्त उभं राहिलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. सगळ्या गावाला एकाच वेळी माणसं लागतात. मग दसऱ्याच्या आसपास एका सकाळी आमचे इतिहासाचे सर वर्गात यायचे आणि फळ्याकडं वळता वळता म्हणायचे, ‘उद्यापासून सकाळी.’ बस, एवढंच. नोटीस नाही, शिपाई नाही. सोंगणीचं टाइमटेबल सुरू.

ते दिवस मला फार आवडायचे. थंडी नुकती पडायला लागलेली असायची. पोरी ड्रेसवर भावाचा नाहीतर बापाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच यायच्या, कारण कॉलेजातून थेट वावर गाठायचं असायचं. दप्तरात वह्यांच्या खाली कापडात गुंडाळलेला विळा. राज्यशास्त्राचे सर मफलर गुंडाळून लोकशाही शिकवायचे आणि मधेच म्हणायचे, डबे बंद करा, ठेच्याच्या वासानं माझं लक्ष लागत नाही. गेटसमोर एका चाचांची चहाची टपरी होती. त्यांची पोरगी माझ्याच वर्गात. टपरी उघडून, दूध तापवून, आमच्या आधी ती बाकावर हजर. आम्हाला उशीर झाला की मागं वळून म्हणायची, ‘काय बे, आता आल्या का मॅडम?’ सकाळच्या त्या दोन-अडीच तासांत जेवढं डोक्यात शिरायचं तेवढं एरवी दिवसभर बसून शिरत नसे.

माझं गाव उंद्रीच्या बाजूला. सायकलनं कॉलेज गाठायची. बाबा शेगावला एका लॉजवर कामाला होते, पंधरवड्यानं घरी यायचे. धाकटी बहीण मामाकडं राहून अकरावी-बारावी करत होती. घरी मी आणि माय. मायनं मला कॉलेजात घातलं ते एका अटीवर. म्हणाली, शिक, पायजे तेवढं शिक, पण सोंगणीत खाडा नाही झाला पाह्यजे. तिची ही अट उगाच नव्हती. आमची बायांची एक टोळी होती. टोळी अख्खं वावर ठरलेल्या पैशांत अंगावर घेते आणि जे मिळेल ते सगळ्याजणी बरोबरीनं वाटून घेतात. वावरात उतरलं की प्रत्येकीला एक पात, म्हणजे या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंतची आपली पट्टी. आपली पात आपण काढायची. एक बाई मधून उठून गेली की तिची पात तशीच उभी राहते, आणि तिच्या वाटणीचं काम बाकीच्यांच्या कमरेवर येतं. म्हणून अर्ध्यातून जाणारीला टोळीत कुणी घेत नाही. आमच्या टोळीची मुकादम माझी मोठी माय होती, आईची थोरली बहीण. नात्याची म्हणून ती सूट देईल असं वाटत असेल तर तुम्ही माझ्या मोठ्या मायला ओळखत नाही.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा कॉलेजला नवे प्राचार्य आले. बाहेरगावचे, शिस्तीचे, इस्त्रीचे. माणूस वाईट नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा तो मला दिसला तरी माझे दात करकर वाजायचे. आल्या आल्या त्यांनी वाचनालय उघडवलं, मुलींच्या खोलीचा तुटका दरवाजा बसवला. आणि दसऱ्याच्या तोंडावर नोटीस लावली की कॉलेज वर्षभर अकरा ते चार भरेल, आणि ज्यांची हजेरी भरणार नाही त्यांना परीक्षेला बसू दिलं जाणार नाही.

आता गंमत ऐका. ती नोटीस कुणी वाचलीच नाही. म्हणजे फळ्यावर ती होती, मोबाईलच्या ग्रुपवरही होती, पण सोयाबीन पिवळं पडलं की आमच्या भागात नोटिसा वाचायची कुणाला शुद्ध नसते. इतिहासाच्या सरांनीही नेहमीसारखं ‘उद्यापासून सकाळी’ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला सगळं कॉलेज गेटवर उभं. पोरं, पोरी, शर्ट घातलेल्या, विळे घेतलेल्या. इतिहासाचे सर स्कूटरवर. राज्यशास्त्राचे मफलरसकट. गेटला कुलूप. इतिहासाच्या सरांनी कुलूप हलवून पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, शिपाई झोपला वाटते. मग त्यांनी गेटसमोरच्या पायऱ्यांवर आम्हाला बसवलं, शिकवलं, हजेरी घेतली आणि आम्ही आपापल्या वावरात पांगलो.

अकराला प्राचार्य आले तर वर्ग ओस. त्यांना वाटलं संप झाला. पार हादरले. इतिहासाच्या सरांना बोलावून विचारलं, तुम्ही पोरांना भडकवलं का? सर म्हणाले, साहेब, आमचं सगळ्यांचं शिकून-शिकवून झालं, तुम्हीच उशिरा आलात. हे वाक्य कॉलेजात महिनाभर फिरलं. पण हसू तिथंच संपलं, कारण प्राचार्यांनी ती हजेरी धरली नाही. म्हणाले, वेळापत्रकाबाहेरची हजेरी ही हजेरीच नाही. सर स्टाफच्या बैठकीत भांडले आणि हरले. ज्यांच्या घरी जरा बरं होतं ती पोरं अकराला येऊ लागली. बाकीचे गळू लागले. चाचांची पोरगी म्हणाली, तू आली नाहीस तर तुझं वर्ष जाईल गं, काहीतरी कर.

मी तडक प्राचार्यांच्या खोलीत गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि शांतपणे समजावलं. कॉलेज तपासायला समिती येणार होती, याच दिवसांत, तारीख कळवली नव्हती. ती अकराला आली आणि तिला रिकामे वर्ग दिसले तर कॉलेजची पत जाईल, पत गेली की मान्यता. कॉलेजच उरलं नाही तर तुझी सकाळची वेळ कुठं ठेवशील, असं त्यांनी विचारलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. शेवटी ते म्हणाले, घरी सांगून थोडे दिवस सुट्टी घे. मी म्हणाले, सर, घरी सुट्टी देणारं कुणी नाही, टोळी आहे. ते मान हलवत राहिले. टोळी म्हणजे काय हे त्यांना कळलं नाही आणि मला सांगताही आलं नाही.

घरी आले आणि मायवर सगळा राग काढला. मी ठरवूनच टाकलं होतं. उद्यापासून अकराला कॉलेजात जाईन, टोळीनं काढलं तर काढलं. मायला वाटलं मी नाटक करते. मग तिच्या लक्षात आलं की मी खरंच बोलते. ती म्हणाली, खाडा नाही म्हणून शब्द दिला होतास तू. मी म्हणाले, शब्द कॉलेजनंही दिला होता, त्यांनी फिरवला. माय म्हणाली, त्यांनी फिरवला म्हणून आपण फिरवायचा का? त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोघींनी पाठ फिरवली. जेवणाचं ताट तिनं माझ्यासमोर आपटलं, मी ते मुकाट्यानं खाल्लं, आणि आमचं बोलणं बंद झालं.

सकाळी तरीही मी तिच्याबरोबर वावरात गेले. ऊन चढेपर्यंत कापावं आणि मग निघावं असा माझा बेत. सगळ्याजणी आपापल्या पातीला लागल्या. माझी पात मायच्या शेजारची. मी झपाझप कापत होते, पण घाईनं पात संपते थोडीच? माझी अर्धीही झाली नव्हती आणि निघायची वेळ झाली. मी उभी राहिले. विळा कापडात गुंडाळला. सगळ्या बायांचे हात थांबले. मोठी माय कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. पण मी ठरवलेलं होतं. मी फक्त एवढंच म्हटलं, की मी कॉलेजात जाते आणि सुटल्यावर परत येते.

मोठी माय तोंड उघडणार, तेवढ्यात माय बोलली. वर न बघता, विळा न थांबवता बोलली.

‘जाऊ दे तिले. तिची पात मी काढतो.’

मोठी माय म्हणाली, तुही पात तरी तुले होते का? माय म्हणाली, झाली नाही तं बोल. एवढं बोलून ती माझ्या पातीत सरकली. मी सायकलकडं पळाले. रडत होते की हसत होते ते मलाच कळत नव्हतं. वर्गात सर अकबराबद्दल काय शिकवत होते ते त्या दिवशी एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

सोंगणी संपेपर्यंत हे चाललं. मी सकाळी कापायची, कॉलेजात जायची, चारला सुटलं की परत वावरात. माय रोज दोन पाती ओढायची. संध्याकाळी घरी आली की भिंतीला पाठ लावून बसायची आणि उठताना भिंत धरायची. मी काही बोलायला गेले की म्हणायची, भाजी टाक. पहिले काही दिवस बाकीच्या बाया नुसत्या बघत होत्या. मग एका संध्याकाळी परत आले तर माझी पात मला सापडेचना. इकडच्या बाईनं आपली पात हातभर रुंद केलेली, मायच्या पलीकडच्या बाईनंही, आणि माझी मधल्यामधे विरून गेलेली. मोठी माय म्हणाली, ‘नापास होऊन पाह्य फक्त. अख्खं वावर तुह्या एकटीच्या अंगावर टाकतो.’ सगळ्या खळखळून हसल्या. मायही हसली. आमचं बोलणं तिथून परत सुरू झालं.

समिती आली ती अगदी अकराच्या ठोक्याला. वर्गात आम्ही होतो. कॉलेजला चांगला शेरा मिळाला. प्राचार्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. सोयाबीन सरलं, कापसाची वेचणी सुरू झाली, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. खेड्यातून रोज येऊन हजेरी पूर्ण करणारी मुलगी म्हणून स्नेहसंमेलनात माझा सत्कार करायचा होता त्यांना. खूश होते. म्हणाले, ‘बघ, मनात आणलं की जमतं. जमलं की नाही?’

मी आधी ठरवलं होतं, की यांच्याशी शुद्ध बोलायचं, राग आवरायचा. पण ते ‘जमलं की नाही’ माझ्या डोक्यात गेलं.

‘नाही जमलं, सर. मले नाही जमलं. माह्या मायनं रोज दोन पाती काढल्या, म्हणून मी इथं आली.’

त्यांनी विचारलं, पात म्हणजे? या वेळी मी सांगितलं. टोळी सांगितली, वाटणी सांगितली, भिंत धरून उठणारी माय सांगितली. मग मी म्हणाले, सत्कार नको. समिती रोज येत नाही, सोयाबीन दर साली येतं.

‘पुढच्या साली माही बहीण बी इथंच शिकाले येणार आहे, सर. माही माय तीन पाती नाही काढू शकत.’

ते टेबलावरची काच पुसायला लागले. ती स्वच्छच होती. मग म्हणाले, बरं, जा. मला वाटलं, झालं, संपलं. बाहेर येऊन चाचांच्या टपरीवर मी दोन कप चहा एकापाठोपाठ प्यायले आणि त्यांच्या पोरीला म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा भांडीन. ती म्हणाली, मीही येते.

भांडावं लागलं नाही. पुढच्या दसऱ्याच्या आधी फळ्यावर नोटीस लागली. सोंगणीच्या काळात वर्ग सकाळी साडेसहाला भरतील, ती हजेरी धरली जाईल, खाली प्राचार्यांची सही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते कागदावर आलं. बहिणीला सायकलच्या मागं बसवून मी अंधुक उजेडात कॉलेजात गेले, आणि ऊन चढायच्या आत आम्ही दोघी वावरात आपापल्या पातीला लागलो. त्या साली मायनं तिची एकच पात काढली.