स्टेअरिंगवरची शिंक

"मॅडम, ह्यांचं नाक बघा. न्हाईतर उद्यापासून मी ह्यांच्या बसमध्ये चढणार न्हाई."

बोलत होत्या सुनीताबाई, एका शाळेच्या बसवरच्या मदतनीस. त्यांच्या मागे मान खाली घालून उभे होते त्याच बसचे ड्रायव्हर, मारोतराव. ताडकळसकडच्या गावांतली लेकरं सकाळी परभणीला आणायची आणि दुपारी परत सोडायची, हे दोघांचं काम. मी परभणीत कान-नाक-घशाची डॉक्टर.

"साधी सर्दी हाय, मॅडम," मारोतराव म्हणाले आणि लागोपाठ शिंकायला लागले. डोळे लाल, नाक गळतंय.

"आज सकाळी बस रस्ता सोडून खाली मातीत उतरली," सुनीताबाई म्हणाल्या.

"शिंक आली म्हणून?"

"न्हाई. ह्यांला डुलकी लागली. मी वरडले म्हणून ब्रेक तरी लागला. लेकरं लय भेली."

मारोतरावांनी खिशातून गोळ्यांची स्ट्रिप काढली. मेडिकलमधून स्वतःच आणलेली. ॲलर्जीची जुनी, स्वस्त गोळी. तिने शिंका थांबतात, पण झोप येते. लेकरांसमोर शिंकायला नको, म्हणून ते सकाळी निघताना एक घेत होते.

"हे कधी होतं?"

"सोयाबीन निघालं की. दिवाळीच्या मागंपुढं. उन्हाळ्यात काईच न्हाई."

हे मला महत्त्वाचं वाटलं. नुसत्या धुळीची ॲलर्जी असती तर उन्हाळ्यात जास्त त्रास झाला असता. आपल्याकडे धूळ तेव्हाच उडते. मी स्किन टेस्ट करायचं ठरवलं. यात हातावर वेगवेगळे थेंब टाकतात, प्रत्येकावर सुई हलकेच टोचतात. ज्याची ॲलर्जी, तिथे गांध उठते. पण टेस्टच्या आधी काही दिवस ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर गांध उठतच नाही.

"तोवर बस चालवायची नाही," मी म्हणाले.

मारोतराव खुर्चीवरून उठले. "मग टेस्टच नको. रजा घेतली की दुसरा माणूस बसवतेत, मॅडम. घरी दोन पोरी शिकायल्यात."

"अन् बसमधली लेकरं?" सुनीताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ती कुणाची हायत?"

मारोतराव परत खुर्चीवर टेकले. मग म्हणाले, "तुमीच बोला शाळेला. मला बोलता येईना."

त्यांच्यासमोरच मी मुख्याध्यापकांना फोन लावला. ते आधी चिडले, मग घाबरले. "मॅडम, हे कायमचं असेल तर आत्ताच सांगा. मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

"कायमचं आहे, पण ताब्यात येण्यासारखं आहे. मी फिट म्हणेपर्यंत त्यांना बस देऊ नका. आणि मी नाही म्हणेपर्यंत काढू नका."

"जबाबदारी तुमची?"

"नाकाची माझी," मी म्हणाले.

टेस्टमध्ये बाकी थेंब गप्प बसले. एका बुरशीच्या थेंबाला मात्र मोठी गांध उठली. ही बुरशी घरातल्या ओलीची नव्हे, बाहेरची. शेतात ओल्या, वाळत्या पाल्यावर काळपट वाढते. तिचे बीजकण इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. मळणी यंत्र सुरू झालं की धुरळ्याबरोबर तेही उडतात. मारोतरावांच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मळण्या चालू होत्या, आणि ते काच खाली करून बस चालवायचे. रविवारी स्वतःच्या शेतात मळणीवर उभे राहायचे, ते वेगळंच.

मी नाकात मारायचा स्प्रे दिला.

"फवारा पिकावर मारतेत, मॅडम. नाकात कशाला?"

"रोज मारायचा. आज मारला, उद्या थांबलं, असं होणार नाही."

शिवाय झोप न आणणारी गोळी दिली. तीही आधी सुटीत, घरी बसून घ्यायला सांगितली, कारण एखाद्याला तिनेही सुस्ती येते. बसच्या काचा बंद. मळणीवर भाऊ उभा राहील, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. आठवडाभराने ते रागातच आले, "काईच फरक न्हाई." त्यानंतर आले तेव्हा मात्र बोलताना नाक वाजत नव्हतं.

फिट म्हणण्याआधी मी एक अट घातली. दिवाळीच्या सुटीत रिकामी बस त्याच रस्त्याने न्यायची, शेजारी सुनीताबाई. संध्याकाळी बाईंचा फोन आला.

"दोनदा शिंकले. दोन्ही टायमाला गाडी कडंला घेतली, मग शिंकले. झोप काई न्हाई."

"मग तुम्ही चढणार का बसमध्ये?"

"चढते की. पर नजर ठेवणार."

शाळा उघडली तेव्हा बस मारोतरावांकडेच होती. ॲलर्जी गेलेली नाही. हवेतली बुरशी कोण झाडून काढणार? पण पुढच्या वर्षी सोयाबीनला शेंगा धरल्या आणि ते न बोलावता स्प्रे लिहून घ्यायला आले.

पुस्तकं आम्हाला नाकाच्या पेशंटला विचारायचे पुष्कळ प्रश्न शिकवतात. मी त्यांच्या आधी एक घातला आहे. "तुम्ही काय चालवता?"