मोहगावहून आलेली कुत्री

पांढुर्ण्याहून धाकटे दीर आले, ते पिकअपच्या मागे कुत्री बांधूनच. कारवान जातीची. लांबट तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं. मोहगावकडे त्यांच्या ओळखीच्या एकांचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथे ती रोही, म्हणजे नीलगाई, हाकलायची. बगीच्याला झटका मशीन बसली, कुंपणाच्या तारेत करंट आला आणि कुत्रीचं काम संपलं.

चहा पिता पिता दीर म्हणाले, “वहिनी, ठेवून पाहा. येत्या रविवारी मी येतो. नाही जमलं त लोधीखेड्याचा एक जण मागून राहिला. पण तो साखळीलेच बांधून ठेवीन.”

“माझ्याकडे तीन आहेत, भाऊजी.”

“मंग ही चौथी. तुमाले कोण विचारणार आहे?”

ते हसत बोलले, पण खरंच विचारणारं कोणी नव्हतं. नवरा गेला, मुलगी भोपाळला नोकरी करते. सौसरबाहेर बगीच्यातल्या घरात मी आणि तीन गावठी कुत्री. एक म्हातारा काळा, एक कुत्री आणि तिचा मोठा झालेला मुलगा, ज्याला मी अजून पिल्लूच म्हणते. माझ्या बगीच्याला झटका मशीन नाही आणि रोही येतात. म्हणून मी हो म्हटलं. दिरांना तेवढंच कारण सांगितलं.

तिच्या गळ्यात लोढणं होतं. लोढणं म्हणजे दोरीने गळ्यात अडकवलेला हातभर लाकडाचा ठोकळा. जनावर पळायला गेलं की तो पुढच्या पायांवर आपटतो. आमच्याकडे ओढाळ गाईला घालतात, आणि बकऱ्यांमागे लागणाऱ्या कुत्र्यालाही.

“हे काढू नका बरं,” दीर जाताना म्हणाले. “काढलं का मोहगावचा रस्ता धरलाच समजा.”

बोलणं पटण्यासारखं होतं. नव्या गाईलासुद्धा आपण पहिले काही दिवस मोकळं सोडत नाही.

बाकी सगळं मी नीट केलं. चौघांना घरात न आणता आधी बाहेर भेटवलं. सगळ्यांना घेऊन बगीच्याच्या कडेने, धुऱ्याधुऱ्याने फिरून आले. भाकरी वेगवेगळ्या कोपऱ्यांत टाकल्या. तिची कोपरं हाडकुळी, जमिनीला घासायची, म्हणून जुनी गोधडी दिली. शेजारच्या बगीच्यातली बाई कुंपणापाशी येऊन म्हणाली, “काकू, ह्या कुत्रीले जेवू घालून नाही राहिल्या काय? फासळ्या मोजून घ्या!”

“तुझ्यापेक्षा जास्त खाते. तिचं अंगाला लागत नाही, तुझं लागते.”

“अवं माय!” म्हणत ती हसत गेली. त्या दिवशी माणसाशी माझं तेवढंच बोलणं झालं. फोनवर पंपाची मोटार दुरुस्त करणारा होता, पण तो मोजायला नको.

पण जमत नव्हतं. संध्याकाळी पिल्लू तिच्यासमोर यायचा, पुढचे पाय टेकवून बूड वर करायचा आणि पळत सुटायचा. मागे वळून पाहायचा. ती दोन उड्या घ्यायची, लोढणं गुडघ्यावर आपटायचं, ती थांबायची. तो परत यायचा, पुन्हा बोलवायचा, ती पुन्हा थांबायची. मग त्याने बोलावणं सोडलं. त्याची आई गुरगुरायला लागली. शनिवारी सकाळी काळ्याने तिचा कान फाडला, आणि ती उलटून भुंकलीसुद्धा नाही. गेटपाशी जाऊन मोहगावच्या बाजूला पाहत उभी राहिली. ही जात नजरेवर चालते. दूरवर पान हललं तरी तिला दिसतं. तिथे काही हलत नव्हतं.

मी हळद घेऊन तिच्या कानाला लावली. गुडघे पाहिले तर केस गेलेले, कातडी लाल झालेली. जिला पळण्यापलीकडे काही येत नाही, तिने बाकीच्यांशी ओळख करायची कशी? असं बांधून ठेवायचं तर लोधीखेड्याच्या माणसाने काय वाईट केलं होतं? आणि सोडली तर बहुतेक जाणार. दोन्हीकडून ती जाणारच असेल, तर पळत गेलेली बरी.

कपाशीची पऱ्हाटी उपटलेलं वावर मोकळं पडलं होतं. चौघांना तिथे नेलं आणि विळ्याने लोढण्याची दोरी कापली.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मान हलवून पाहिली. मग सुटली. मी कुत्री पळताना आयुष्यभर पाहिली आहेत, पण हे वेगळं होतं. चारही पाय पोटाखाली यायचे आणि एकदम लांब व्हायचे. पिल्लू आणि त्याची आई मागे लागली, काळा अर्ध्या वावरात बसला. ती नाल्याचा बांध ओलांडून गेली. मोहगावच्याच बाजूला. मागे लागलेली दोघं जिभा काढून परत आली. हाक मारण्यात अर्थ नव्हता, तिला माझा आवाज कुठे माहीत होता?

लाइट आली होती. मी मोटार सुरू केली आणि संत्र्याच्या आळ्यात पाइप सोडला. काम अडून राहत नाही.

दोन झाडं भिजली असतील, तेवढ्यात ती बांधावर दिसली. सरळ आली नाही. मोठा वळसा घेऊन पिल्लाच्या अगदी जवळून गेली, तो उठला, ती वळली, आणि वावरात धूळ झाली. पिल्लाची आईही त्यात शिरली. काळा उठला, भुंकला, आणि त्या म्हाताऱ्याने पुढचे पाय टेकवून बूड वर केलं.

“अवो, पाहा ना हे!” नवरा होता तेव्हा म्हणायचे तसं मी मोठ्याने म्हणाले.

चौघंही थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. मग टाक्यावर जाऊन एकाच बाजूने पाणी प्यायली.

मी दिरांना फोन लावला. “भाऊजी, उद्या येऊ नका. लोधीखेड्याला नाही म्हणून सांगा.”

“जमलं म्हणा! चला, तुमालेही सोबत झाली.”

“हो,” म्हटलं आणि फोन ठेवला. लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून पाइप ओढत पुढच्या आळ्याकडे गेले.