एका गाडीवर दोघं

ट्रकमध्ये चढायच्या आधी तात्या वहाणा काढायचे. पुढच्या चाकाशेजारी मातीत नीट जोडून ठेवायचे, अनवाणी वर चढायचे आणि स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करायचे. वहाणा वर घ्यायचं मात्र नेमकं राहून जायचं. ट्रक गेल्यावर जमिनीवर त्या दिसल्या की साखर कारखान्याच्या आवारात कुणीही सांगायचं, तात्या ऊस आणायला गेले. फाटकावरचा रखवालदार त्या उचलून आपल्या खोलीत जपून ठेवायचा. आम्हा सगळ्याच ड्रायव्हरांच्या वहाणा सारख्या, टायरच्या तळाच्या. पण माझं विसरलेलं काही कुणी कधी उचलून ठेवलं नाही.

तुमच्याही कामावर असा एखादा सगळ्यांचा लाडका असेल. मला तात्यांचा फार हेवा वाटायचा. अजून वाटतो.

बहात्तरच्या दुष्काळात ऊस उभ्या उभ्या वाळला. साहेबांनी सांगितलं, निम्म्या ड्रायव्हरांनी घरी बसावं, पाऊस झाला की बघू. आम्ही लिंबाखाली जमलो आणि दुपारभर भांडलो. जुने म्हणाले, नव्यांनी जावं. मी नव्यांतला, घरात दोन लहान पोरं.

तात्या सगळ्यांत जुने. त्यांना कुणी हात लावणार नव्हतं. शेवटी तेच बोलले.

"कुनीच घरी बसायचं न्हाई. एका गाडीव दोघं. एक आठवडा तुजा, एक माजा. पगार निम्मा निम्मा."

जुने उसळले. ज्याची गाडी त्याचाच हात, असा आमच्यात रिवाज. दुसऱ्याला गाडी देणं म्हणजे कमीपणा. एकानं टोमणा मारला, मग तात्या, तुमची कुणाला देता? तात्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"ह्यो हाय की."

नोकरी वाचली. पण एकाच गाडीवर आल्यावर माझा जळफळाट दुप्पट झाला. माझ्या आठवड्यात पुणतांब्याच्या शिवारात गेलो की ऊसतोडीच्या बाया आधी विचारायच्या, "आज तात्या न्हाई आलं व्हय?" त्यांच्यासाठी काढलेल्या शेंगा मला बघून परत लुगड्याच्या ओच्यात जायच्या. चढावर गाडी तापायची तीही माझ्याच हातात. घरी बायको म्हणायची, तात्यांसारखं जरा सावकाश बोलत जा. आमच्या ह्या बाईसाहेबांनी तात्यांना पाहिलं होतं एकदाच, तेही दारात उभ्या उभ्या.

मग पाऊस झाला, ऊस आला. पण दुष्काळात बऱ्याच गाड्या विकल्या गेल्या होत्या. साहेब म्हणाले, आता एका गाडीला एकच माणूस. भरलेली गाडी दोघांनी एकेक करून रिव्हर्समध्ये वजनकाट्यावर लावून दाखवा, मग ठरवतो. मी जिवाच्या करारानं सराव केला. नोकरी हवीच होती, पण त्याहून जास्त मला तात्यांना हरवायचं होतं.

त्या दिवशी मी गाडी काट्यावर बरोब्बर लावली. खाली उतरलो तर तात्या जागचे हलले नव्हते. पायांत वहाणा तशाच होत्या.

"ह्यालाच ऱ्हाऊ द्या, सायेब," ते म्हणाले. "त्येची पोरं ल्हान हायत."

ते गेले लेकीकडं, भंडारदऱ्याच्या बाजूला. सगळं आवार त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेलं. मी गाडीतच बसून राहिलो. एवढी एक गोष्ट जिंकायची होती, तीही त्यांनी मला नुसती देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी एकट्यानं खेप करून, वाटेत कुठंच न उतरता परत आलो. खाली उतरलो तर पाय पोळले. वहाणा पायांत नव्हत्या, गाडीतही नव्हत्या. सकाळी मीच त्या काढून चाकाशेजारी ठेवल्या होत्या, कसं ते कळलंही नव्हतं.

रखवालदाराच्या खोलीत कोपऱ्यात त्या नीट जोडून ठेवलेल्या दिसल्या. मी हात पुढं केला, तर त्यानं अडवलं.

"त्या तात्यांच्या हायत. विसरलं बगा जाताना. आलं की देतो."

माझ्या आहेत, असं मी दोनदा सांगितलं. तो हसला.

"तुज्या कशा असतील? तू कवा काढतोस वहाना?"

मी तसाच अनवाणी घरी गेलो. तात्या काही परत आले नाहीत. माझ्या वहाणा मात्र त्या कोपऱ्यात बरेच दिवस त्यांची वाट बघत होत्या.