गोमुख बसवलेला बंधारा

मी आयुष्यात एकच बंधारा बांधला आणि तो पाहुण्यांची पंगत बसायच्या आत फुटला.

तो बांधायचं कारण म्हणजे माझा चुलतभाऊ आनंदा. लोणी भापकरला एकाच ओढ्यावर आमची दोघांची रानं. वरच्या अंगाला माझं, खालच्या अंगाला त्याचं. आमचा आजा मेंढरं घेऊन पावसाच्या मागं फिरायचा. पाणी असेल तिथं आपण जायचं, एवढा साधा हिशोब होता. आनंदानं नव्वद सालानंतर तो हिशोबच फिरवला. ओढ्याला स्वतःच्या पैशानं मातीचा बंधारा घातला, तळं साठवलं आणि आमच्या जिरायती गावात चक्क ऊस लावला! तो ऊस सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याला निघाला की ट्रॅक्टर नेमका माझ्या दारावरनं जायचा. (दुसरा रस्ता होता. मी चौकशी केली होती.)

बरं, माणूस वाईट असता तर निभावलं असतं. पण ह्याला साधं सुपारीचं व्यसन नाही. माझ्यापेक्षा चार-सहा महिन्यांनी लहान, तरी मला ‘दादा, तुमी’ म्हणणार. माझी बायको कुसुम उठता-बसता त्याचं कौतुक करायची, आणि सणसरचे माझे सासरे, म्हणजे मामा, तर विचारूच नका. ते कॅनॉलच्या काठचे बागायतदार. पोरगी जिरायतीत दिली हे दुःख त्यांनी कधी लपवून ठेवलं नाही. आमच्याकडं आले की चहा माझा प्यायचे आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणायचे, “जरा आनंदरावांचं तळं बघून येतो.” मी नुसता जावईबापू, आणि तो आनंदराव! माझ्या रानातलं पाणी बघून मामांनी एकदा ‘वा’ म्हणावं, एवढंच मला ह्या जन्मात पाहिजे होतं.

म्हणून एका उन्हाळ्यात मीही डोझर लावला. उंची किती ठेवायची हे ठरवायला मी इंजिनिअर वगैरे काही बोलावला नाही. आनंदाच्या भरावाशेजारी काठी उभी धरली, खूण केली आणि त्याच्यावर एक हात वाढवला. त्याच्या भरावावर नुसतं गवत होतं, म्हणून माझ्या भरावावर मी नारळाची रोपं लावली. माती ओढायला आनंदा स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन न बोलावता आला, आणि त्याचाही मला रागच आला.

काम संपत आलं तेव्हा तो म्हणाला, “दादा, एका अंगाला सांडवा ठिवा. पाणी जास्ती झालं तर निघून जायला वाट पायजे.”

“आन् निघून कुठं जाईल?”

“कुठं म्हंजे? खाली. माज्या तळ्यात.”

आता सांगा! मी कर्ज काढून पाणी अडवायचं ते काय त्याच्या तळ्यात सोडायला? डोझरवाल्यानं बाजूला सांडव्यासाठी जागा ठेवली होती, ती मी त्याच संध्याकाळी दोन गडी लावून बुजवून घेतली.

परतीच्या पावसानं माझं तळं तुडुंब भरलं. खाली थेंब गेला नाही. आनंदाच्या तळ्यात गुडघाभर पाणी, आणि तेही म्हशींनी ढवळलेलं. तेवढे दिवस मी माझ्या तळ्यापेक्षा त्याचंच तळं बघायला जास्त जायचो. जाताना चेहरा दुःखी ठेवायचो.

आणि मग एका सकाळी चमत्कार झाला. भरावाच्या पायथ्याला, कोरड्या बाजूला, जमिनीतनं अंगठ्याएवढी धार लागलेली! ज्या गावात विहिरी खणून खणून माणसं खडकाला लागतात, तिथं माझ्या रानात जिवंत झरा लागला होता. कुसुम म्हणाली, “आवं, तळ्यातलंच पाणी येत नसंल न्हवं?” मी तिला समजावलं की तळं भरावाच्या त्या बाजूला आहे आणि झरा ह्या बाजूला आहे. (हे वाक्य मी शहाण्या माणसाच्या आवाजात बोललो होतो.)

बातमी ऐकून आनंदा आला. उकिडवा बसला, ओंजळीत पाणी घेतलं आणि बराच वेळ बघत राहिला.

“दादा, पाणी गढूळ हाय. भरावातली माती घिऊन येतंय. घुशीनं बीळ पाडलं असंल. आजच्या आज सांडवा उकरू, मी मानसं आणतो. थोडं पाणी खाली सोडलं की बंधारा वाचंल.”

मी त्याच्या तोंडावर मत्सर शोधत होतो. खरं सांगायचं तर तो तिथं नव्हता. पण मला दिसला. ‘पाणी खाली सोडू’ म्हणे! घरी जाऊन मी कुसुमला सांगितलं की आनंदा अखेर जळायला लागला. त्या रात्री मला जी झोप लागली तशी लग्न झाल्यापासून लागली नव्हती.

देवाच्या देणगीला शोभा पाहिजे म्हणून मी बारामतीहून सिमेंटचं गोमुख आणलं. ते बसवायला भोक लहान पडत होतं, तर पहारीनं चांगलं मोठं केलं. गोमुखातनं पाणी पडायला लागल्यावर गाव लोटलं. बायका देवाला म्हणून तांबे भरून न्यायला लागल्या, एका म्हाताऱ्यानं तर गुडघ्याला लावलं आणि फरक पडला म्हणाला. धार रोज वाढत होती. अंगठ्याची मनगटाएवढी झाली. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मी जलपूजन ठरवलं.

सणसरला निरोप धाडला. गुरव सांगितला, फोटोग्राफर सांगितला, लापशीची कढई चढवली. आदल्या रात्री वरच्या डोंगराला पाऊस झाला होता, त्यामुळं तळं भरावाच्या काठाला टेकलेलं. मला वाटलं, मामांसाठीच भरलं. मामा जीपमधनं उतरले, धोतर सावरत गोमुखापाशी आले, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “वा, जावईबापू!”

मी नमस्काराला वाकलो, तेवढ्यात गोमुखानं एक ढेकर दिला आणि ते जागेवरनं उडून थेट मामांच्या पायाशी येऊन पडलं.

मागं बैलगाडी जाईल एवढं भगदाड. मी अजून वाकलेलाच होतो. शेजारीच उभ्या असलेल्या आनंदानं एका हातानं मामांना आणि दुसऱ्या हातानं मला धरून कडेच्या उंचवट्यावर ओढलं, बाकीची मंडळी आधीच पळाली होती. मग सगळा भराव बसला. माझी नारळाची रोपं उभ्याच्या उभी ओढ्यानं खाली निघाली. माणूस, जनावर कोणाला खरचटलंसुद्धा नाही. कढईसुद्धा वाचली. नुकसान झालं ते फक्त माझं.

सगळं पाणी आनंदाच्या तळ्यात गेलं. ते घटकेत भरलं, जास्तीचं पाणी सांडव्यावरनं शिस्तीत बाहेर पडलं आणि त्याचा बंधारा जागचा हलला नाही.

मग मामा धोतर पिळत म्हणाले, “गुरव आलाय, लापशी शिजलीया, पाणीबी हाय. खाली करू पूजा.” झालं! माझी कढई, माझे हार, माझा नारळ घेऊन वरात आनंदाच्या तळ्यावर. तिथं तरी हा माणूस स्वतः पूजेला बसेल आणि मला मनसोक्त शिव्या देता येतील, असं वाटलं होतं. तर म्हणतो कसा, “पाणी दादाचं हाय. पूजा दादा-वैनीच करणार.” मग मी त्याच्या तळ्याला माझा नारळ फोडला, भंडारा उधळला, आणि मामांनी हार आनंदरावांच्या गळ्यात घातला. ते त्या दिवशी आणखी किती वेळा ‘वा’ म्हणाले ते मी मोजलं नाही.

आनंदानं आठवड्याच्या आत तळ्यावर मोटर बसवून वर माझ्या रानापर्यंत पाईप टाकला. पैसे विचारले तर हात जोडले. माझ्या रानात ऊस उभा राहिला तो त्याच्या पाण्यावर. आता मामा येतात, आधी माझा ऊस बघतात आणि मला सांगतात, “भाऊ असावा तर असा.”

लोक विचारतात, बंधारा परत का बांधला नाहीस? मी सांगतो, खर्च परवडत नाही, माती चांगली नाही, आता कुसुम नको म्हणते. खरं कारण एवढंच, की बांधायला काढला तर आनंदा ट्रॅक्टर घेऊन येणार, सांडवा कुठं ठेवायचा ते दाखवणार, आणि ह्या खेपेला मला त्याचं ऐकावं लागणार.