टर्मिनलच्या रंगीत टोप्या

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळत आलो. माझ्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्याबद्दल कुणी विचारलं, की तो कसा बनवला ते रंगवून सांगायचो आणि तिथेच थांबायचो. पुढचं कधीच नाही. आताही चार ओळी लिहून उठलो, गॅलरीत जाऊन आलो, घोटभर पाणी प्यायलो, परत बसलो. आता उठायचं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. ठाण्यातली आमची कंपनी बंद पडली होती. मी तिथे टेस्टिंग खात्यात होतो, माझा मित्र ऑफिसातल्या कॉम्प्युटरची देखभाल करायचा. दोघंही डोंबिवलीत, एकाच गल्लीच्या दोन टोकांना. मी घरी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला लागलो. त्याच्या डोक्यात मात्र दवाखान्यांसाठी नंबराची पाटी बसली होती. डॉक्टरांनी आत बटण दाबलं की बाहेर भिंतीवर लाल दिव्यांचा पुढचा आकडा उमटणार. "कंपाउंडरनं बोंबलायचं कशाला?" असं तो म्हणायचा. नौपाड्यातले एक डॉक्टर पाटी बघायला तयार झाले होते. आवडली तर ओळखीच्या इतर डॉक्टरांकडे शब्द टाकणार होते. कंपनी गेल्यावर त्यानं हाती घेतलेलं हे पहिलंच काम, आणि सगळी भिस्त त्यावरच. वहिनी शिकवण्या घेऊन घर चालवत होत्या. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "भाऊजी, ती पाटी एकदाची लागू दे. हे घरात नुसते येरझारा घालतात."

पाटीतल्या आयसींना, म्हणजे चिपांना, पाचच व्होल्ट लागायचे; जास्त गेले की त्या जळायच्या. तिचा स्वतःचा पुरवठा अजून तयार नव्हता.

"तुझ्याकडे तो भंगारातल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पडलाय ना?" तो म्हणाला. "त्याचा टेबलावर ठेवायचा सप्लाय करून दे की. पाच आणि बारा, दोन्ही आयते मिळतात. तुलाही नंतर उपयोगी पडेल."

मला ते काम मनापासून आवडलं. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर झटका धरून बसतात, म्हणून डबा आधी दिवसभर बाजूला ठेवला. मग तारांचा जुडगा सोडवला. लाल तारा पाच व्होल्टच्या, पिवळ्या बाराच्या, काळ्या दोन्हींना सामाईक. एकेका रंगाच्या तारा एकत्र पिळून सोल्डर केल्या. पत्र्याला भोकं पाडताना आतला बोर्ड बाहेर काढून ठेवला, कारण पत्र्याचा एवढासा कीस आत राहिला तरी भडका. हे सप्लाय रिकामे नीट चालत नाहीत, पाच व्होल्टवर सतत थोडं ओझं लागतं. म्हणून मोटारीच्या इंडिकेटरचा बल्ब कायमचा जोडून टाकला. तो निखाऱ्यासारखा मंद पेटून राहायचा. माझ्या मीटरचा काटा अडकत होता, त्यामुळे मोजायला मित्राचा मीटर आणला होता.

बाहेरच्या जोडणीसाठी टर्मिनल, म्हणजे तारा अडकवायच्या खुंट्या, बसवले. त्यांच्या बुडाच्या चकत्या सगळ्या काळ्या, वरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या तेवढ्या रंगीत. टोपी फिरवली की निघून हातात येते. आमच्या खात्यात लाल टर्मिनल म्हणजे सगळ्यांत जास्त व्होल्टेज. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. माझे हात त्या सवयीनं चालले. लाल टोपीखाली बारा गेले, पिवळ्या टोपीखाली पाच. कॉम्प्युटरवाल्यांचं नेमकं उलट, आणि मला ते माहीत नव्हतं असं मुळीच नाही. माझ्या हातातल्या तारा तेच तर सांगत होत्या. वर आकड्यांच्या चिकटपट्ट्या लावीन म्हटलं आणि राहिलं.

पाटी दाखवायच्या आदल्या संध्याकाळी तो डबा न्यायला आला. बल्ब पेटलेला पाहून खूश झाला.

"देव्हाऱ्यात ठेवू काय रे हा? मोजलंस ना सगळं?"

"टेस्टिंगवाल्याला विचारतोस होय?"

"बरं बाबा, चुकलो. माझा मीटर दे."

"एक रेडिओ उघडून ठेवलाय, त्याला लागेल. उद्या दवाखान्यातच घेऊन येतो."

"विसरलास ना, तर तिथेच इंजेक्शन देववीन."

दुसऱ्या दिवशी मी उशिरा पोचलो. रेडिओवालं गिऱ्हाईक बसून राहिलं होतं. ठाणे स्टेशनपासून जवळजवळ पळतच गेलो. मीटर पिशवीत होता. दवाखान्याचं बाहेरचं बाक भरलेलं. पाटी भिंतीवर टांगलेली, डबा खाली स्टुलावर, डॉक्टर दारात हात बांधून उभे. मित्र इस्त्रीच्या शर्टात. मी पायरीवर पाय ठेवला आणि त्यानं स्विच दाबला.

आठाचा आकडा कधी नव्हे इतका लख्ख पेटला. मग विझला. पाटीच्या मागून धुराची बारीक रेघ वर गेली आणि तो कडवट वास पसरला. आयसी जळाल्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला तो सांगावा लागत नाही.

"अगंबाई, दिवाळी लवकर आली की," बाकावरच्या एक आजीबाई म्हणाल्या. लोक हसले. कंपाउंडर सगळ्यांत जास्त हसला.

मित्रानं घाईघाईनं डबा बंद करून पाटीच्या तारांच्या क्लिपा ओढून काढल्या. पण त्याआधी मी पाहिलं होतं. क्लिप लाल टर्मिनलला होती. पाच समजून लावलेली. मला त्याच क्षणी सगळं कळलं.

डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. मी डब्याजवळ एकटा राहिलो. तेव्हा मी जे केलं ते विचार करून केलं असं म्हणता येत नाही, पण न कळतही केलं नाही. लाल टोपी फिरवून काढली, पिवळी काढली, एकमेकींच्या जागी बसवल्या. मीटर पिशवीतून काढून समोर ठेवला. बाकावरचे लोक बघत होते. त्यांना त्यातलं काय कळणार?

तो बाहेर आला. डॉक्टरांनी, आपला कंपाउंडर ओरडतो तेच ठीक आहे, असं सांगितलं होतं. तो स्टुलाशी बसला, डबा सुरू केला, मीटरच्या काड्या लाल आणि काळ्याला लावल्या.

"पाच," तो म्हणाला. पिवळ्याला लावल्या. "बारा. म्हणजे बरोबरच आहे."

मी सुटलेल्या क्लिपांच्या तारा गुंडाळायला लागलो.

"मग मीच पिवळ्याला लावली असणार क्लिप." त्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "पण मला तर लालच आठवतंय रे."

"घाईत होतं असं," मी म्हणालो.

हे तीन शब्द मी बोललो. टोप्या फिरवल्या त्यापेक्षा ते मला जास्त सलतात.

पाटी पुन्हा बनवता आली असती. मी तसं म्हटलंही, वर मदतीला येतो म्हणालो. त्यानं मान हलवली. "ज्याला लाल-पिवळं कळेना त्यानं दुसऱ्याच्या भिंतीला हात लावू नये." डबा माझ्याकडे आणून ठेवला आणि थोड्याच दिवसांत तो कल्याणला मेव्हण्याच्या कापडदुकानात उभा राहायला लागला. त्याचं सोल्डरिंग आयर्न वहिनींनी माळ्यावर टाकलं.

मी एकदा सांगायचं ठरवून कल्याणला गेलो. त्यानं लांबूनच हाक मारली, "या टेस्टिंगवाले! काय दाखवू?" तो एका बाईंना कापड मोजून देत होता. मोजलं, खडूची खूण केली, कात्री उचलली, खाली ठेवली, पुन्हा सुरुवातीपासून मोजलं.

"अहो दादा, कापा की आता. केव्हाचे मोजताय!" बाई वैतागल्या.

"आमचे हे असेच," मेव्हणा गल्ल्यावरून म्हणाला. "स्वतःच्या हातावर भरवसा नाही."

मित्र हसला, अगदी सवयीचं. मी पुढे झालो. "अरे, ते नौपाड्यातलं..."

"सोड रे ते." त्यानं मला बोलूच दिलं नाही. "तुझा डबा चांगला होता. शर्टाचं कापड घेतोस?"

घेतलं. त्यानं माझंही कापड दोनदा मोजलं आणि वर चार बोटं जास्त सोडली, मित्र म्हणून. मी पिशवी काखेत मारून, डोंबिवलीला न उतरता, ठाण्याला टेंभी नाक्यावरच्या बहिणीकडे गेलो, तिथेही बसवेना, तसाच उठून घरी आलो. त्या कापडाचा शर्ट मी शिवलाच नाही.

नंतरही भेटलो, त्याच्या मुलीच्या लग्नात, कुणाच्या बाराव्याला. दरवेळी वाटायचं, आज बोलू. दरवेळी कुणीतरी मधे यायचं, आणि मला ते बरं वाटायचं. आता तो नाही. वहिनी मुलीकडे असतात.

डबा अजून चालतो. त्यावर मी किती रेडिओ बरे केले असतील. पंखा घरघरायला लागला की मला दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं, तरी बंद करत नाही. बल्ब कितीदा तरी बदलला. टोप्यांना परत हात लावला नाही. त्या दिवशी बदलल्या तशाच आहेत, लालखाली पाच आणि पिवळ्याखाली बारा.

कल्याणच्या दुकानात कात्री खाली ठेवून तू दुसऱ्यांदा मोजायला लागलास, तेव्हा मला तुझा हात धरून म्हणायचं होतं: एकदाच मोज रे. त्या दिवशी तू लालच लावली होतीस. लालखाली बारा मी ठेवले होते, आणि तू आत गेल्यावर टोप्या मी बदलल्या. तुझा हात चुकला नव्हता. मला माफ कर.